मी असे केले नसते

एखादा वैमानिक अपघातात गेल्याची बातमी येते, तेव्हा दुसऱ्या वैमानिकाच्या तोंडून पहिला प्रश्न 'कोण?' असा निघतो आणि लगेच, जवळजवळ त्याच श्वासात, 'कसे झाले?' असा दुसरा. बाहेरच्या माणसाला हा दुसरा प्रश्न निष्ठुर वाटतो. इतर कोणाच्या मृत्यूची वार्ता कळली की लोक वय विचारतात, मागे कोण कोण आहे ते विचारतात. आम्ही उंची विचारतो, दृश्यमानता विचारतो, विमान नुकतेच उडाले होते की उतरत होते ते विचारतो, आणि हे विचारताना आमचा आवाज कोरडा असतो. इतकी वर्षे या व्यवसायात काढल्यावर आणि काही जवळची माणसे त्यात गमावल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न म्हणजेच आमचा शोक असतो. मात्र त्याच प्रश्नाच्या आडोशाने आम्ही शोकातून अंगही काढून घेतो, आणि या दोहोंपैकी आपण नेमके काय करीत आहोत हे पुष्कळदा आमचे आम्हालाच उमगत नाही.

पहिल्या दिवशी तर काहीच उमगत नाही. रोस्टरवर त्याचे नाव पुढच्या आठवड्यापर्यंत लागलेले असते आणि कोणाला तरी ते बदलावे लागते, कारण ती उड्डाणे होणारच असतात. त्याच्या जागी ज्याचे नाव लागते त्याला कोणी काही म्हणत नाही, पण त्या दिवशी त्याला निरोप देणाऱ्यांची संख्या नेहमीपेक्षा जास्त असते. घरून फोन येऊ लागतात. 'मी ठीक आहे' हे साधे वाक्य उच्चारताना एक चमत्कारिक लाज वाटते, कारण ते कोणत्या घरी कोणीही उच्चारणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. त्यातून कोणी त्या दिवसाची ड्यूटी बदलून घेतलेली असली तर विचारायलाच नको. अदलाबदल ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. कोणाचे मूल आजारी असते, कोणाला परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. तरीही असा माणूस पुढे कित्येक वर्षे सुट्टी मागताना अडखळतो, हे मी पाहिलेले आहे. त्याची समजूत घालणारे वाक्य अजून मला सापडलेले नाही. 'तुझी वेळ आली नव्हती' हे तर अजिबात चालत नाही, कारण त्याचा उरलेला अर्थ तो लगेच ऐकतो.

शोकसंदेशांचा जो ठरावीक साचा असतो, तोही मला कधी सोसलेला नाही. 'आकाशाचे वेड असलेला आकाशातच विलीन झाला', 'आवडते काम करता करता गेला', अशी वाक्ये लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. परंतु वैमानिकाच्या शिक्षणाचा मोठा भाग विमान सुखरूप जमिनीवर कसे आणावे याचाच असतो. आकाशात राहून जाणे ही त्याची इच्छा नसते, ते त्याचे अपयश असते, आणि शेवटच्या काही सेकंदांत तो आपले आवडते काम करीत नव्हता, जगण्यासाठी धडपडत होता. त्यापेक्षा सैनिकी वैमानिकांची ती मानवंदना मला पटते, ज्यात चार विमाने एका रचनेत येतात आणि त्यांतले एक सरळ वर उसळून रचना सोडून निघून जाते. खाली उभ्या असलेल्यांना त्या रिकाम्या जागेने गलबलून येते. वर मात्र त्या चौघांना गलबलून घ्यायला सवडच नसते: वेग राखायचा, शेजारच्या पंखापासूनचे अंतर राखायचे, ठरल्या सेकंदाला ठरल्या जागेवर पोहोचायचे. मला वाटते, ही प्रथा टिकली याचे एक कारण हेही असावे. मित्र गेल्यानंतर हातांना एखादे अवघड काम मिळणे हा मोठा दिलासा असतो.

'कसे झाले?' या प्रश्नानेही असेच अवघड काम मिळते, आणि आमच्या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर हे काम वाया गेलेले नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचे 'मॉडेल २९९' हे नवे बॉम्बर विमान उडाले, उभे चढत गेले आणि वेग गमावून कोसळले. चालवणारा मेजर प्लोयर हिल आणि सोबत असलेला बोइंगचा वैमानिक लेस्ली टॉवर ही दोन्ही नवखी माणसे नव्हती. जमिनीवर उभे असताना विमानाचे नियंत्रण-पृष्ठभाग, म्हणजे पंख आणि शेपटीवरचे हलते भाग, वाऱ्याने हलू नयेत म्हणून अडकवलेला लॉक काढायचा राहून गेला होता, एवढेच. हिल त्याच दिवशी गेला आणि टॉवर पुढे काही आठवड्यांनी. हे विमान एका माणसाला झेपण्याच्या पलीकडचे आहे अशी टीका झाली. वैमानिकांनी मात्र बसून एक यादी तयार केली, जी प्रत्येक उड्डाणापूर्वी मोठ्याने वाचायची. आज आम्ही ज्या चेकलिस्टशिवाय इंजिनही सुरू करीत नाही, तिची सवय व्यवसायाला तिथून लागली. तुम्ही वरिष्ठ आहात, दहा हजार तास उडालेले आहात, म्हणून 'कंट्रोल्स मोकळे आहेत ना' या प्रश्नातून तुमची सुटका होत नाही. ती ओळ ज्यांच्यामुळे आली तेही वरिष्ठच होते.

जेम्स मार्टिन आणि व्हॅलेंटाइन बेकर यांची गोष्ट मला याहूनही जवळची वाटते, कारण तिच्यात मैत्री आहे. मार्टिन विमाने बनवीत असे, बेकर ती उडवीत असे. कंपनीला दोघांची नावे होती. १२ सप्टेंबर १९४२ रोजी त्यांच्या नव्या लढाऊ विमानाचे इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले आणि ते शेतात उतरवताना बेकर मारला गेला. मार्टिनचे लक्ष त्यानंतर हळूहळू विमानापेक्षा वैमानिकाच्या जिवाकडे वळत गेले. २४ जुलै १९४६ रोजी त्यांच्याच कंपनीतला बर्नार्ड लिंच हा माणूस उडत्या मीटिऑर विमानातून इजेक्शन सीटसह बाहेर फेकला गेला आणि सुखरूप खाली आला. त्या कंपनीच्या आसनांनी आजवर सात हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत, आणि तिच्या नावात बेकर अजून आहे. डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाचे वडील १९३४ साली बास सामुद्रधुनीवर बेपत्ता झालेल्या विमानात होते. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. विमानात नेमके काय झाले हे कोणालाच कळले नाही. पुढे याच मुलाने कॉकपिटमधले आवाज आणि उपकरणांची मापे एकत्र नोंदवणारे यंत्र तयार केले, ज्याला जग ब्लॅक बॉक्स म्हणते आणि जे ढिगाऱ्यात सापडावे म्हणून भडक नारिंगी रंगवलेले असते. वडिलांच्या मृत्यूशी त्याने स्वतः हा धागा किती जोडला असता, ते मी सांगू शकत नाही. पण 'कसे झाले?' याला उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे त्याला लहानपणीच कळलेले होते एवढे खरे.

इथवर सगळे ठीक आहे. अडचण पुढे सुरू होते. कारण सापडले की मनाला जी शांतता मिळते, ती सुधारणेची असतेच असे नाही. पुष्कळदा ती एका वाक्याची असते, जे कोणी उघड उच्चारत नाही आणि जे प्रत्येकाच्या मनात येऊन जाते: मी असे केले नसते. त्याने इंधन मोजले नाही, मी मोजतो. तो घाईत होता, मी घाई करीत नाही. असा एकेक फरक शोधून आपण गेलेला माणूस आणि आपण यांच्यामध्ये एक भिंत उभी करतो, आणि ती पुरेशी उंच झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी विमानात जाऊन बसतो. मी या भिंतीला नावे ठेवणार नाही; तिच्याशिवाय पहिले काही दिवस निभणे कठीणच असते. पण तिची किंमत गेलेला माणूस चुकवतो. बेफिकीर वैमानिक गेला तर आम्ही हळहळतो आणि झोपतो. काळजी घेणारा वैमानिक गेला तर झोप लागत नाही, आणि मग तोही कुठेतरी बेफिकीर होताच, असे सिद्ध करण्याची एक छुपी घाई आम्हाला होते.

१९६६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे दोन अंतराळवीर, एलियट सी आणि चार्ल्स बॅसेट, टी-३८ या सरावाच्या जेट विमानाने सेंट लुइसला उतरत होते. ढग खाली आलेले होते. धावपट्टी नजरेआड होऊ नये म्हणून सी याने खालूनच घट्ट वळण घेतले आणि विमान कारखान्याच्या एका इमारतीवर आदळले. त्यांचे जेमिनी यान त्याच कारखान्यात बनत होते. मागून दुसऱ्या टी-३८ मध्ये त्यांचे राखीव जोडीदार, टॉम स्टॅफर्ड आणि जीन सर्नन, येत होते. ते वर चढून गेले, फेरी मारून पुन्हा आले आणि उतरले. जूनमध्ये तेच दोघे जेमिनी ९ मधून अंतराळात गेले, म्हणजे ज्या आसनांसाठी सी आणि बॅसेट तयारी करीत होते त्याच आसनांवर बसून. चौकशीने ठपका वैमानिकावर ठेवला, आणि त्यानंतर सी याच्या उड्डाणकौशल्याविषयीच्या शंका कित्येक वर्षे ऐकू येत राहिल्या. त्या खऱ्या होत्या की नव्हत्या हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटत नाही. त्या शंकांची गरज कोणाला होती, हा वाटतो. सीला तर नव्हतीच.

आमच्यातल्या एकाच्या अपघातानंतर काही महिन्यांनी तोच प्रसंग आम्हाला सिम्युलेटरमध्ये देण्यात आला होता. कोणत्या मिनिटाला काय बिघडणार हे सर्वांना ठाऊक होते. जो तो बोटे लिव्हरवर ठेवून वाट पाहत बसला आणि विमान वाचवून बाहेर आला. बाहेर चहाच्या कपांभोवती एक प्रकारचा हलकेपणा होता, ज्याची मला तेव्हाही शिसारी आली. आमच्या प्रशिक्षकाने त्यावर एक शब्दही काढला नाही. पुढच्या सत्रांत त्याने तोच बिघाड न सांगता, वेगळ्याच सरावाच्या मध्ये, नेमका नियंत्रण कक्ष नवी उंची देत असताना आणि मागून केबिनचा फोन वाजत असताना घातला. त्या वेळी बाहेर हलकेपणा नव्हता. २००९ साली पक्ष्यांच्या धडकेने इंजिने निकामी झाल्यावर न्यू यॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानाच्या चौकशीतही असेच काहीसे आढळले होते: पक्षी धडकताच क्षणाचाही विलंब न लावता वळले तर सिम्युलेटरमधल्या काही प्रयत्नांत धावपट्टी गाठता आली, पण काय झाले आहे हे समजून घेऊन निर्णय करायला माणसाला लागणारे ३५ सेकंद धरल्यावर ती गाठता आली नाही. ते विमान सर्वांसह वाचले म्हणून हे ३५ सेकंद जगाने मान्य केले. जे वाचत नाहीत, त्यांच्या वाट्याला असे सेकंद कोणी सहसा धरत नाही.

सरकारी यंत्रणांना मी यात दोष देणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातले तेरावे परिशिष्ट स्पष्ट सांगते की चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही. कागदावर याहून शहाणे वाक्य सापडणे अवघड. तो अहवाल वाचणारे आम्ही असतो, आणि आम्ही त्यात दोष शोधतो.

मनाच्या उपचारांविषयी थोडेसे. वैमानिकाला झोप लागत नाही, हे तो डॉक्टरला सांगत नाही, कारण ज्या डॉक्टरला सांगायचे त्याच्याच सहीवर त्याचे मेडिकल, म्हणजे उडण्यास पात्र असल्याचा वैद्यकीय दाखला, आणि त्या मेडिकलवर त्याचा पगार अवलंबून असतो. नैराश्यावरची काही औषधे घेऊन उडण्याची परवानगी अमेरिकेत २०१० सालापर्यंत मिळत नव्हती, आणि त्यानंतरही ती कडक अटींवर मिळते. २०१५ साली जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने मुद्दाम विमान डोंगरावर घालून स्वतःसह १५० जणांचा जीव घेतला, तेव्हा युरोपने या गप्प बसण्याचा विचार गंभीरपणे केला आणि प्रत्येक विमान कंपनीने वैमानिकांसाठी सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था ठेवावी असा नियम केला. त्यात तुमचे ऐकणारा आधी वैमानिक असतो. मला हे योग्य वाटते. अपघातानंतर सर्वांना एका खोलीत बसवून एकाच बैठकीत मन मोकळे करायला लावण्याची जी पद्धत मध्यंतरी रूढ झाली होती, तिचा पुढच्या मानसिक त्रासापासून बचाव होण्यास उपयोग होतो असे संशोधनात दिसून आलेले नाही, आणि ज्यांनी ती खोली अनुभवली आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. बोलायचे असते ते तिसऱ्या आठवड्यात, कधी तिसऱ्या महिन्यात, रात्रीच्या उड्डाणात ऑटोपायलट लावलेला असताना, समोर बघत. तेव्हा शेजारी बसलेल्याने फक्त 'हं' म्हणायचे असते आणि इंधनाची नोंद करीत राहायचे असते.

माझा एक मित्र डोंगरात गेला. तो प्रशिक्षक होता, आणि परत फिरण्याबद्दल प्रसिद्ध होता. हवामानाचा रंग जरा बदलला की तो विमान वळवून घरी येत असे आणि त्यावरून होणारी थट्टा हसत ऐकून घेत असे. त्याच्या अपघाताच्या अहवालात कारणाच्या रकान्यात 'बिघडत्या हवामानात उड्डाण पुढे सुरू ठेवण्याचा निर्णय' असे शब्द होते. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्याचा राग आला, आणि खोटे कशाला सांगू, थोडे बरेही वाटले.

नंतर मी तो अहवाल नकाशा घेऊन पुन्हा वाचला. 'निर्णय' नावाची घटना त्यात मला कुठेच सापडली नाही. निघताना ढगांचा तळ पुरेसा उंच होता. तो शंभर शंभर फुटांनी खाली येत गेला, आणि प्रत्येक वेळी मित्राने तितकेच खाली येऊन समोरचे दृश्य मोकळे ठेवले. ढगात शिरायचे नाही, हे तर तो विद्यार्थ्यांना शिकवीत असे. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात झालेला प्रयोग तो दर तुकडीला सांगे, की उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे दिसेनासे केले तेव्हा एकूण एक जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कानातल्या द्रवाला वळण काही सेकंदांनंतर जाणवेनासे होते आणि आपण सरळ उडत आहोत अशी शरीर शपथ घेते. म्हणून तो ढगाच्या खाली राहिला, आणि ढगाच्या खाली दरी होती. त्याच्या विमानाला शंभर नॉट वेगात तीस अंश कलून मागे वळायला सुमारे ९३० मीटर रुंदी लागली असती. ती रुंदी जिथे संपली, तिथून पुढच्या वळणापलीकडे मोकळा प्रकाश दिसत होता, असे त्या मार्गाने त्याआधी काही मिनिटे गेलेल्या वैमानिकाने चौकशीत सांगितलेले आहे.

मीही त्या प्रकाशाकडे गेलो असतो. हे मान्य करायला मला बराच काळ लागला, आणि मान्य केल्यावर बरे वाटले असेही नाही. उलट त्यानंतर काही महिने मला दरीतून जाताना पोटात गोळा येई. फक्त तो मला परत मिळाला. भिंतीपलीकडचा, चुकलेला कोणी राहिला नाही.

अहवाल आल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतले. त्यांनी तो छापून आणला होता आणि त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

"भाऊजी, सरळ सांगा. त्यांची चूक होती का?"

मी उत्तर देण्याऐवजी कागद मागितला, दरी काढली, उंच्या लिहिल्या, वळणाला लागणारी रुंदी काढून दाखवली. त्या शाळेत गणित शिकवतात. त्यांनी त्रिज्येचे सूत्र विचारले आणि स्वतः करून पाहिले.

"म्हणजे वळायला हवं होतं ते इथे," त्यांनी पेन्सिल टेकवली. "आणि इथून पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं."

"हो."

"तुम्ही वळला असता?"

"नाही. मला नाही वाटत मी वळलो असतो."

त्या बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिल्या आणि मग जरा चिडूनच म्हणाल्या, "मग हे यात का नाही लिहिलेलं?" अहवाल त्यासाठी लिहिला जात नाही, हे मी समजावून सांगितले. त्यांना ते पटले, पण पुरले नाही. मुलगा आज लहान आहे, म्हणाल्या, पण हा अहवाल सर्वांसाठी खुला आहे, आणि उद्या तो वडिलांचे नाव टाकून शोधेल तेव्हा त्याला हे एकच वाक्य मिळेल. तुम्ही आत्ता सांगितलेत तेवढे लिहून द्या.

मी तीन पाने लिहिली. विशेषणे काढून टाकली, वेळा आणि उंच्या ठेवल्या, वहिनींनी केलेले गणित त्यांच्याच अक्षरात जोडले. शेवटी माझ्या लॉगबुकातून आम्ही दोघांनी एकत्र केलेली ती उड्डाणे तारखांसह उतरवली, ज्यांत तो अर्ध्या वाटेतून परत फिरला होता, आणि प्रत्येकीपुढे त्या दिवशीचे हवामान लिहिले. त्यांतल्या दोन दिवशी, नंतर कळले त्याप्रमाणे, पुढचे आकाश अगदी स्वच्छ होते आणि परत फिरण्याची काहीही गरज नव्हती. तेही लिहिले.